खुणेचं झाड

जुमाभाईंनी मला फोर्कलिफ्ट चालवायला शिकवली. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी इकडेतिकडे भरकटणार आणि मुख्य गोष्ट राहून जाणार. नववीत शाळा सोडलेला, कुडाळजवळच्या खेड्यातून आलेला, इंग्रजी पाटी दिसली की छातीत धडधडणारा मी आज दुबईच्या जबल अली बंदरात टिकून आहे, मुलीला कॉलेजात घालू शकलो, ते या एका माणसामुळे. तो माणूस महाराष्ट्रातला नव्हता, हिंदुस्थानातलाही नव्हता. टांझानियातल्या कुठल्याशा जंगलाकाठच्या गावचा होता. गावाचं नाव त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं, आणि प्रत्येक वेळी मी ते वेगळंच म्हटलं. शेवटी ते म्हणाले, "तू नुसतं 'जुमाचं गाव' म्हण, पराबू. लोक दाखवतील." माझं आडनाव परब, पण त्यांच्या जिभेला शेवटी एखादा स्वर टेकायला लागायचा.

आमचे शेठ महाजन, मूळचे गिरगावातले. लाकडाचा व्यापार. आफ्रिकेहून ओंडके यायचे, आमच्या यार्डात उतरायचे, तिथून फर्निचरवाल्यांकडे आणि दरवाजे बनवणाऱ्यांकडे जायचे. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी हेल्पर होतो. ओंडका घरंगळू नये म्हणून खाली पाचरी ठोकायच्या, साखळ्या अडकवायच्या, सांगतील ते करायचं. जुमाभाई फोर्कलिफ्टवर. वय पन्नाशीच्या अलीकडे, उंच, सडसडीत, डोक्याला नक्षीची गोल टोपी. मी आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "गावाकडे कोण आहे?" मी म्हटलं, बायको आहे, लहान मुलगी आहे. "मग पाय सांभाळून ठेव. इथे पायावर ओंडका पडला की घरापर्यंत आवाज जातो."

त्यांचा आवडता शब्द 'पोले पोले'. म्हणजे सावकाश, हळूहळू. ड्रायव्हरने ट्रक जोरात मागे घेतला, पोले पोले. शेठ फोनवर ओरडायला लागले, पोले पोले. मी चहा गडबडीने प्यायलो, तरी तेच. आणि हे सांगणारा माणूस स्वतः एका जागी दोन मिनिटं बसत नसे. जेवताना उभे. चहा फिरत फिरत. बाकी सगळे दुपारी सावलीत आडवे झाले, की हे यार्डात ओंडक्यांमधून चकरा मारायचे. एखाद्या ओंडक्याला बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे, वास घ्यायचे. मला पहिल्यांदा वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. नंतर कळलं, ते बघत असायचे की माल कुठून आलाय. त्यांच्या बाजूचा आहे का.

"तुमच्या बाजूचा असला तर काय होतं?" मी एकदा विचारलं.

"झोप जाते," ते म्हणाले.

आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं. त्यांची हिंदी जबल अलीत शिकलेली, माझी टीव्हीवरची. व्याकरण दोघांचंही लंगडं, त्यामुळे जोडी बरी जमली. गावाचा विषय निघाला की मात्र त्यांना शब्द कमी पडत नसत. त्यांच्या गावाला लागून जंगल. पूर्वी सरकारचं होतं. म्हणजे कागदावर सरकारचं आणि रात्री कुऱ्हाडवाल्यांचं. मग गावाने सरकारकडे भांडून ते स्वतःकडे राखायला घेतलं. कमिटी नेमली. कुठे गुरं चरायची, कुठलं झाड तोडायचं, कुठलं नाही, हरणाला कोणत्या महिन्यात हात लावायचा नाही, सगळं झाडाखाली बसून गावाने ठरवलं. पहारा गावातलीच माणसं द्यायची, पाळीपाळीने. जुमाभाईंनीही दिलेला. "तोपर्यंत आम्ही जंगलातून चोरी करत होतो," ते हसत म्हणाले. "आमचं झाल्यावर चोरी बंद. स्वतःच्या घरात कोण चोरी करतं?"

मी त्यांना आमच्या राईबद्दल सांगितलं. गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे, तिथलं वाळकं काटूकसुद्धा कोणी चुलीला आणत नाही.

"कोण ठरवतं?"

"देव."

"देव मीटिंगला येतो?"

"येतो की. कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही."

जुमाभाई इतके खूश झाले की हातातला चहा सांडला. "आमच्याकडे पण असंच पाहिजे होतं! आमची माणसं तर संध्याकाळपर्यंत भांडतात, आणि पाकळी कुठेच पडत नाही." मग त्यांनी विचारलं, "आणि देवाने हो म्हटलं तर? तोडा म्हणाला तर?"

आमच्या गावात कोणी कधी तसा कौल लावलाच नव्हता. की लावला होता आणि मला माहीत नव्हतं? तेवढा प्रश्न माझ्या मनात ठेवून ते पुन्हा चकरा मारायला गेले.

एका शुक्रवारी शेठ आपल्या मुलाला यार्ड दाखवायला घेऊन आले. दहा-बारा वर्षांचा, गुटगुटीत. त्याने जुमाभाईंना इंग्रजीत विचारलं, "अंकल, हॅव यू सीन अ लायन?"

"यस. ही इज नेबर," जुमाभाई म्हणाले. "नॉट गुड नेबर."

"आणि एलिफंट?"

मग हत्तीची गोष्ट निघाली. हत्ती रात्री मक्याच्या शेतात उतरायचे. वर्षाची मेहनत एका रात्रीत खलास. बंदूक चालवायची तर गावाचाच नियम आडवा. मग कोणीतरी शेताच्या कडेला दोर बांधून मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. हत्तीने दोराला धक्का दिला की माश्या उठायच्या. एवढं मोठं जनावर, पण सोंडेत माशी शिरली की त्याची पळापळ. जुमाभाई बोलता बोलता स्वतःच हत्ती झाले. एक हात सोंडेसारखा नाकाशी धरून ओंडक्यांमधून असे धावले, की शेठचं पोर जमिनीवर लोळून हसलं. शेठही हसले. म्हणाले, "जुमा, तुला सर्कसमध्ये पाठवतो."

"पाठवा शेठ. बसायला नाही लागलं पाहिजे."

मधपेट्या हा त्यांच्या घरचा खरा धंदा. पोकळ केलेल्या लाकडाच्या नळकांड्या, दोराने उंच झाडावर टांगायच्या. ज्या झाडावर पेटी, त्या झाडावर त्या घराची खूण कुऱ्हाडीने कोरायची. जुमाभाईंच्या घराची खूण तीन तिरप्या रेघा आणि खाली एक आडवी. त्यांनी ती मला पाचरीवर कोळशाने काढून दाखवली होती. एकदा खूण पडली की त्या झाडाला गावात कोणी हात लावत नाही. ज्याची खूण, त्या घरातल्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय ते झाड पडू शकत नाही. "आणि आमचं घर कधी हो म्हणत नाही," ते म्हणाले. आजोबांनी खूण केलेली झाडं अजून उभी होती. धाकटा भाऊ हमीसी ती सांभाळत होता.

त्या वर्षी उन्हाळा लवकर सुरू झाला. सकाळीच यार्ड तापायचं. एक मोठा माल आला होता, आणि फर्निचरवाल्याचा ट्रक दारात उभा, त्याचा पठाण ड्रायव्हर 'यल्ला यल्ला', चला चला, करत होता. जुमाभाईंनी एक ओंडका उचलला, वळवला आणि मध्येच थांबले. ओंडका हवेत. इंजिन चालू. मी पाचर घेऊन खाली उभा. मला वाटलं, मशीन बिघडलं. वर बघितलं तर ते ओंडक्याकडे बघत होते. मीही बघितलं. साल ठिकठिकाणी सोलली होती, आणि जुन्या भरून आलेल्या जखमेसारख्या लाकडात रेघा होत्या. तीन तिरप्या. खाली एक आडवी.

त्यांनी ओंडका खाली ठेवला. पोले पोले, अंड्यासारखा. मग उतरले आणि त्याच्या बाजूला जमिनीवर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

"कोणीतरी चोरून तोडलं असेल," मी म्हटलं.

"खुणेचं झाड कोणी चोरत नाही. गाव लगेच ओळखतं." त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "हे घरातून गेलंय."

शेठ बाहेर आले. काय झालं ते ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता, त्यांचा चेहराही उतरला. पण म्हणाले, "अरे जुमा, हा ओंडका गेल्या आठवड्यातच विकला गेलाय. आणि यार्डातल्या प्रत्येक लाकडाचा कोणीतरी नातेवाईक निघायला लागला तर मी धंदा कसा करू, तूच सांग?" जुमाभाई उठले, फोर्कलिफ्टवर चढले आणि तो ओंडका स्वतःच ट्रकवर चढवला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी त्यांनी भावाला गाठलं. गावात फोन नव्हता. हमरस्त्यावर एका दुकानदाराकडे मोबाइल होता, तिथे निरोप ठेवायचा, मग भाऊ सायकलवर यायचा. हमीसीने नाकारलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. बायकोचं ऑपरेशन होतं. लाकूडवाले आले होते. त्याने आधी पेटी उतरवली, मग झाड दिलं. पेटी उतरली की झाड मोकळं, नियम मोडला कुठे?

"खूण उतरते का?" जुमाभाई माझ्यावरच ओरडले, जणू मीच हमीसी. "पेटी उतरते. खूण कशी उतरेल?"

पण गावात आता हीच भाषा सुरू झाली होती. हमीसीचं बघून आणखी दोन-तीन घरांनी पेट्या उतरवल्या होत्या. लाकूडवाले दारोदार फिरत होते. पावसाच्या आधी गावाची मोठी बैठक होती, आणि तिथे एकच प्रश्न होता: पेटी उतरवलेली झाडं विकू द्यायची, की लाकूडवाल्यांना जंगल पुरतं बंद करायचं.

मी हिशेब मांडायला हुशार नाही, पण एवढं मलाही कळत होतं. आमच्या शेठचा निम्माशिम्मा माल त्याच बाजूच्या पाच-सहा गावांतून यायचा. जंगल बंद म्हणजे यार्ड बंद. यार्ड बंद म्हणजे हेल्पर आधी घरी. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला तिकडे कोण विचारतो? रात्री झोप येईना. बायकोचा फोन आला की मी सगळं बरं आहे म्हणायचो, ती म्हणायची, "आवाज असो कित्याक येता?" शेवटी मी जुमाभाईंना विचारलंच. "तुमच्या गावाने बंद म्हटलं, तर आमचं काय?"

ते रागावले नाहीत. "उद्यापासून दुपारी झोपायचं नाही," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला फोर्कलिफ्टवर बसवलं.

पोले पोलेवाला माणूस अचानक घाई करायला लागला. रिकामी पॅलेट उचल. ठेव. परत उचल. आता पॅलेटवर पाण्याने भरलेली बादली. सांडली? परत. "फोर्कच्या काट्यांकडे काय बघतोस? लाकडाच्या टोकाकडे बघ, तिथे कोणीतरी उभं असतं." एकदा मी भिंतीला ठोकलं आणि उतरून पळूनच निघालो होतो, त्यांनी कॉलरला धरून परत बसवलं. परीक्षेच्या फॉर्मवरचं इंग्रजी त्यांनी मला बोटाने दाखवून पाठ करून घेतलं. शेठला त्यांनीच सांगितलं, "पराबूला लायसन काढून द्या, मला सुट्टीत बदली माणूस लागेल." शेठ म्हणाले, "हा? हा तर पाचर ठोकताना डोळे मिटतो." जुमाभाई म्हणाले, "आता उघडे ठेवतो." मी पास झालो, लायसन हातात आलं. मला कळेना, या माणसाला स्वतःचं एवढं संकट पडलेलं असताना माझ्यामागे का लागलाय. कळायला पाहिजे होतं, पण भीतीने माणूस मंद होतो.

बैठकीचा दिवस शुक्रवार होता. जुमाभाईंना जाता येईना. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि ऐन हंगामात सुट्टी नाही. मग गावाने एक उपाय काढला. बैठक झाडाखालून उठवून हमरस्त्यावर दुकानाच्या आवारात घेतली, जिथे मोबाइलला रेंज यायची. नमाजानंतर जुमाभाई मला घेऊन कॅम्पबाहेरच्या टेलिफोन बूथवर गेले. कार्ड घातलं, नंबर लागला. तिकडून कोणीतरी काहीतरी म्हणालं, आणि जुमाभाईंनी खाली वाकून आपले सेफ्टी शूज काढले, मोजे काढले आणि माझ्या हातात दिले.

त्यांच्या गावात बैठकीत बोलणारा अनवाणी उभा राहतो. चपला घालून बोललेलं धरत नाहीत. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की तापलेल्या फरशीवर एक माणूस अनवाणी उभा आहे आणि पाय हलवत नाहीये. एरवी दोन मिनिटं स्थिर न राहणारा माणूस. मी शूज छातीशी धरून उभा. बाहेर रांगेतला एक बांगलादेशी म्हणाला, "भाई, जलदी करो." मी त्याला हाताने थांबवलं.

जुमाभाई फार वेळ बोलले नाहीत. आवाज चढवला नाही. मला फक्त 'हमीसी' एवढा शब्द कळला, आणि एक त्यांचं स्वतःचं नाव. मग रिसीव्हरमधून खूप माणसांचा एकदम गलका आला, माश्या उठल्यासारखा. त्यातून एक आवाज जवळ आला, रडवेला, संतापलेला. भावाचा असणार. जुमाभाई ऐकत राहिले. एकच शब्द बोलले. कार्ड संपलं.

"काय सांगितलंत?" मी शूज पुढे करत विचारलं.

"सांगितलं की जंगल बंद करा. आणि दंड आधी माझ्या घराला करा." त्यांनी तळवे झटकले, लाल झाले होते. "नियम आहे. ज्या घराने मोडलं, त्याच्या सगळ्या पेट्या एक हंगाम खाली. मध नाही, काही नाही. दुसऱ्यांचं बंद करा म्हटलं असतं, तर म्हणाले असते, दुबईत बसून बोलतोय. माझं आधी उतरवा म्हटलं, तर कोण काय बोलणार?"

"आणि भाऊ?"

"तो म्हणाला, तू माझा भाऊ नाहीस." ते चालायला लागले, मी मागे. "मी म्हटलं, आहे."

गावाने बंद केलं. शेजारच्या गावांनीही एकामागून एक तेच केलं. माल पातळ व्हायला लागला, मग थांबला. शेठ महिनाभर सगळ्यांवर चिडचिड करत फिरले आणि शेवटी म्हणाले, आता ओंडके नाहीत, दुसरीकडून प्लायवूड आणायचं. त्याला एवढी माणसं लागत नाहीत. फोर्कलिफ्टवाला एकच. ऑफिसात त्यांनी जुमाभाईंना बोलावलं. मी दाराशी होतो. शेठ म्हणाले, "जुमा, तू जुना माणूस आहेस, तू राहा." आणि मी ऐकलं, जुमाभाई म्हणाले, "शेठ, लायसनवाला एक आहे ना तुमच्याकडे. पराबू. मला पेट्या परत टांगायच्या आहेत, भाऊ एकटा चढणार नाही."

शेठ मग म्हणाले, "स्वतःच्या पोटावर पाय देऊन वर हसतोयस काय?"

"पोले पोले, शेठ. पोट गावाला आहे."

तेव्हा कुठे मला ती दुपारची घाई कळली. बादली, पॅलेट, पाठ करून घेतलेलं इंग्रजी. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी त्याच दिवसापासून द्यायला घेतलं होतं.

जाताना त्यांनी शेठकडे एकच गोष्ट मागितली, यार्डातले निकामी झालेले नायलॉनचे पट्टे, ज्यांनी आम्ही ओंडके उचलायचो. मधपेट्या टांगायला चांगले. शेठने नवेही दिले. त्या पट्ट्यांची भलीमोठी वळकटी खांद्यावर घेऊन ते कंपनीच्या बसमध्ये चढले. बस जवळजवळ रिकामी होती. मी खाली उभा. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "पराबू, तुझ्या त्या राईकडे आता कोण बघतं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"विचार," ते म्हणाले. बस सुटली. मागच्या काचेतून मला दिसत राहिले. सगळ्या सीट रिकाम्या, आणि हा माणूस मधल्या जागेत उभा, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला सावकाश, सावकाश अशी खूण करत.

दुकानदाराचा तो नंबर पुढे लागेनासा झाला. मी अजून जबल अलीतच आहे. पुढे जुमेरा लेक टॉवर्स उभे राहिले तेव्हा तिथे माल उतरवायला जायचो. लॉबीत गुळगुळीत लाकडी दरवाजे दिसले की हात आपोआप फिरतो, तीन तिरप्या रेघा कुठे उमटतात का बघायला. सिक्युरिटीवाला विचारतो, क्या ढूंढता है. काही नाही म्हणतो. गेल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा राईबद्दल विचारलं. वरच्या बाजूची चार झाडं पडलेली होती. बैठक बोलवा म्हटलं, तर माणसं माझ्याकडे बघत राहिली, दुबईत बसून बोलतोय म्हणून. मी चपला काढल्या. सुचलं तेच केलं. पुढचं अजून चालू आहे, निकाल लागलेला नाही.

जुमाभाई, तुमच्या गावाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. पण मी येणार आहे. तुमचं गाव म्हणून विचारत येईन, लोक दाखवतील. चांगला लांब दोर आणीन, आणि तुम्ही दाखवाल त्या झाडावर, तुमच्याच खुणेखाली, एक पेटी माझ्या हाताने टांगीन. मला झाडावर चढता येत नाही. तुम्ही खाली उभे राहून शिकवा.